लेवी: बारा वंशांमधला बिनजमिनीचा वंश

कोहेन, काहन, काट्झ, लेवी, लेविन, सेगल, होरोविट्झ. ज्यू समाजातली ही आडनावं जगभर आढळतात आणि ती बहुतेक एकाच मुळाकडे बोट दाखवतात. इब्री (हिब्रू) बायबलमधल्या इस्रायलच्या बारा वंशांपैकी लेवी नावाच्या वंशाकडे. बाकीच्या अकरांचं तसं नाही. रऊबेन, शिमोन, आशेर ही नावं मुलांना आजही ठेवतात, पण 'आम्ही आशेर वंशातले' असं घरच्या परंपरेच्या जोरावर सांगणारं कुटुंब मुख्य प्रवाहातल्या ज्यूंमध्ये सहसा भेटत नाही. उत्तरेकडचे वंश इसवी सनापूर्वी ७२२च्या सुमारास असिरियाच्या स्वारीत विस्कटले. दक्षिणेतले यहूदाच्या राज्यात मिसळून गेले आणि त्यांनाच पुढे 'यहूदी' हे सरसकट नाव पडलं. बापाकडून मुलाला आजही रीतसर सांगितला जातो असा वंश एकच उरला, लेवी.

आणि वाटणीत ज्याच्या वाट्याला जमीन आली नाही, तोही हाच. माझ्या मते या दोन गोष्टी एकाच धाग्याच्या आहेत. ज्यांची ओळख जमिनीला बांधलेली होती, त्यांची जमीन गेली तशी ओळखही गेली. लेवींची ओळख कामाला बांधलेली होती. पुढे ते कामही गेलं, पण त्याची नक्कल करता येईल इतके तुकडे मागे उरले.

शाप कसा मिळाला

सुरुवात बायबलच्या कथेपासून करू. इतिहासकार काय म्हणतात ते नंतर पाहू. याकोब (त्याचंच दुसरं नाव इस्राएल) याला चार बायकांपासून बारा मुलगे झाले. लेवी हा लेआचा तिसरा मुलगा. रऊबेन आणि शिमोन त्याच्याहून मोठे, यहूदा पाठचा.

लेवीची पहिली ठळक करणी काही भूषणावह नाही. याकोबाचं कुटुंब शखेम नावाच्या गावाजवळ तळ ठोकून असताना तिथल्या सरदाराच्या मुलाने त्यांच्या बहिणीवर, दीनावर, अत्याचार केला आणि मग तिच्याशी लग्न करायची मागणी घातली. भावांनी वरवर होकार दिला, अट एवढीच की गावातल्या सगळ्या पुरुषांनी सुंता करून घ्यावी. गावाने ती मानली. तिसऱ्या दिवशी सगळे वेदनेने आडवे पडले असताना शिमोन आणि लेवी तलवारी घेऊन आत शिरले आणि त्यांनी गावातला प्रत्येक पुरुष कापून काढला. याकोब हादरला. आपण थोडेसे लोक, आता आजूबाजूचे सगळे आपल्यावर उठतील, असं तो म्हणाला. मुलांचं उत्तर होतं, 'मग आमच्या बहिणीला वेश्येसारखं वागवू द्यायचं का?' कथा इथेच थांबते. कोण बरोबर, हे बायबल सांगत नाही.

पण मरताना याकोबाने हिशोब चुकता केला. बाकीच्या मुलांना आशीर्वाद देताना या दोघांच्या रागाला त्याने शाप दिला आणि म्हटलं, मी यांना इस्रायलमध्ये पांगवीन. शाप दोघांनाही लागला, पण वेगवेगळ्या तऱ्हेने. शिमोनाचा वंश यहूदाच्या प्रदेशात विरघळून गेला. लेवीही पांगला, मात्र पांगणं हाच त्याचा मान ठरला.

हा पालट झाला तो मिसरमधून (इजिप्तमधून) बाहेर पडल्यावर. मोशे, त्याचा थोरला भाऊ अहरोन आणि बहीण मिर्याम ही भावंडं लेवीच्या वंशातली. मोशे सिनाय डोंगरावर असताना खाली लोकांनी सोन्याचं वासरू ओतून त्याची पूजा मांडली (ते ओतून देणारा अहरोनच, हेही विसरू नये). मोशे खाली आला आणि छावणीच्या दाराशी उभा राहून विचारता झाला, परमेश्वराच्या बाजूचा कोण आहे? लेवी तेवढे पुढे आले. त्याने त्यांना तलवारी कमरेला बांधायला सांगितल्या आणि त्या दिवशी त्यांनी आपल्याच लोकांपैकी सुमारे ३,००० जण मारले. म्हणजे शखेममध्ये जे केलं म्हणून बापाने शाप दिला, जवळपास तेच वाळवंटात केल्यावर पवित्र कामाचा मक्ता मिळाला. वंशाचा स्वभाव तोच राहिला, त्याची बाजू तेवढी बदलली. ही विसंगती प्राचीन भाष्यकारांनाही टोचत होती.

बावीस हजार आणि वरचे तीनशे

तोपर्यंत प्रत्येक घरातला थोरला मुलगा देवाचा, असा नियम होता. मिसरमध्ये देवाने मिसरी लोकांचे थोरले मुलगे मारले आणि इस्रायलींचे वाचवले, त्याची ती परतफेड. आता या थोरल्यांच्या बदली देवाने अख्खा लेवी वंश घेतला. बदली म्हटली की मोजदाद आली. बायबलच्या 'गणना' या पुस्तकात हा हिशोब अगदी वाण्याच्या वहीसारखा मांडलाय.

बाकीच्या वंशांत वीस वर्षांवरचे, लढाईला जाऊ शकणारे पुरुष मोजले होते. लेवींमध्ये एक महिन्याच्या बाळापासून सगळे पुरुष मोजले. लेवीच्या तीन मुलांवरून तीन शाखा: गेर्षोन ७,५००, कहाथ ८,६००, मरारी ६,२००. एकूण, बायबल म्हणतं, २२,०००. इतर वंशांतले थोरले मुलगे भरले २२,२७३. वरच्या २७३ जणांना बदली लेवी मिळेना, म्हणून माणशी पाच शेकेल चांदी घेऊन त्यांची सुटका केली. एकूण १,३६५ शेकेल, आणि ते गेले अहरोन व त्याच्या मुलांकडे.

आता तीन शाखांची बेरीज करून बघा. ती २२,३०० येते. हे वरचे तीनशे गेले कुठे? तालमुदमधले (ज्यू धर्मचर्चांच्या प्राचीन ग्रंथातले) धर्मपंडित म्हणतात, हे तीनशे स्वतःच थोरले मुलगे होते, मग ते दुसऱ्या थोरल्याची बदली कशी करणार? युक्तिवाद चोख आहे. आजचे अभ्यासक जास्त साधं कारण सुचवतात: इब्रीत 'तीन' आणि 'सहा' या शब्दांमध्ये एका अक्षराचा फरक आहे, तेव्हा कहाथची संख्या मुळात ८,३०० असावी आणि नक्कल करताना एक अक्षर गळालं असावं. मला दुसरं पटतं, पण पहिलं आवडतं.

कामाची वाटणीही तितकीच तपशीलवार. वाळवंटात देऊळ म्हणजे एक मोठा तंबू होता, दर मुक्कामाला उभारायचा नि उतरवायचा. गेर्षोनींकडे पडदे आणि कापडी आच्छादनं, त्यासाठी दोन गाड्या व चार बैल. मरारींकडे फळ्या, खांब, बैठका असा जड माल, म्हणून चार गाड्या व आठ बैल. कहाथींकडे सगळ्यात पवित्र वस्तू: कराराचा कोश (देवाच्या आज्ञांच्या पाट्या ठेवलेली पेटी), मेज, दीपस्तंभ, वेद्या. त्यांना गाडी नाही, खांद्यावरून न्यायचं. शिवाय अहरोनाच्या मुलांनी त्या वस्तू झाकून दिल्याशिवाय त्यांनी त्यांना हात लावायचा नाही, नाहीतर मरण.

इथेच वंशाच्या आतली फूट दिसते. अहरोनाचे वारस तेवढे याजक, म्हणजे कोहेन. यज्ञ आणि वेदीचं काम त्यांचं. बाकीचे सगळे लेवी त्यांचे मदतनीस. प्रत्येक कोहेन लेवी वंशाचा असतो, पण प्रत्येक लेवी कोहेन नसतो. कोरह नावाच्या कहाथी लेवीने यावर उघड बंड केलं, सगळी मंडळी पवित्र असताना तुम्हीच का वरचढ, असं विचारलं. बायबलच्या कथेत जमीन दुभंगून त्याला गिळते. तक्रार मात्र गिळली गेली नाही; पुढची हजारेक वर्षं ती या ना त्या रूपात वर येत राहिली.

अठ्ठेचाळीस गावं आणि दशांश

कनानमध्ये उतरल्यावर जमिनीची वाटणी झाली. लेवीला शून्य. बारा हा आकडा टिकावा म्हणून योसेफाचा एक वाटा त्याच्या दोन मुलांत, एफ्राईम आणि मनश्शे यांच्यात, विभागला. लेवींना सगळ्या वंशांच्या हद्दींत मिळून ४८ गावं राहायला मिळाली, भोवतालच्या गायरानासह. यातली १३ अहरोनाच्या वारसांना. सहा गावं आश्रयनगरं होती: हातून चुकून कुणाचा खून झाला, तर मारणाऱ्याने तिकडे पळून जायचं आणि मेलेल्याच्या नातेवाइकांच्या सूडापासून तिथे सुरक्षित राहायचं. मुख्य याजक मरेपर्यंत गावाबाहेर पाऊल टाकायचं नाही. तो मेला की मोकळीक. मुख्य याजकाच्या तब्येतीची चौकशी या गावांत जरा जास्तच आस्थेने होत असणार.

पोटाची सोय म्हणजे दशांश. इतर वंशांनी धान्याचा नि फळफळावळीचा दहावा हिस्सा लेवींना द्यायचा आणि लेवींनी त्यातला दहावा हिस्सा कोहेनांना. आपल्याकडच्या गावगाड्यातला गुरव डोळ्यांसमोर आणला तर ही व्यवस्था चटकन कळते: देवळाचं काम पिढीजात, त्याबद्दल खळ्यावरून मिळणारं बलुतं आणि घराण्याघराण्यांत लागलेली पाळी. पण पुजारी जात म्हणून याहून पुढे साम्य ताणू नये. लेवींची लग्नं इतर वंशांत होत, आणि धर्मग्रंथ वाचायचा हक्क त्यांच्यापुरता कधीच राहिला नाही.

शिवाय दशांश प्रत्येक वेळी वेळेवर मिळत असेल असं समजू नका. बायबलच्या 'अनुवाद' या पुस्तकात लेवीचं नाव परक्या, अनाथ आणि विधवेच्या रांगेत येतं: यांना विसरू नका, यांनाही जेवू घाला. पवित्र कामाचा मक्ता असलेला माणूस गावच्या गरिबांच्या यादीत! पुढे जेरुसलेमचा सुभेदार झालेल्या नहेम्याच्या काळात तर दशांश थकला म्हणून लेवी आणि गायक देवळाचं काम सोडून आपापल्या शेतावर निघून गेले, असं लिहिलंय. आपापल्या शेतावर. म्हणजे कायद्यात जमीन नसली तरी प्रत्यक्षात कुणी ना कुणी ती राखून होतंच.

नोकरीच्या शोधात निघालेला एक तरुण

लेवीचं जगणं जवळून बघायचं तर बायबलच्या 'शास्ते' या पुस्तकातली एक गोष्ट वाचावी. बेथलेहेममध्ये राहणारा एक तरुण लेवी काम शोधत निघाला. एफ्राईमच्या डोंगराळ भागात मीखा नावाच्या माणसाकडे पोहोचला. मीखाने घरातच देवघर केलं होतं, मूर्तीही होती. त्याने तरुणाला पगार सांगितला: वर्षाला दहा शेकेल चांदी, कपड्यांचा एक जोड आणि जेवण. तरुण राहिला. मीखा खूश: आता माझं भलं होणार, लेवी माझा पुजारी आहे.

काही दिवसांनी दान वंशाची सहाशे हत्यारबंद माणसं नवी जमीन शोधत त्याच वाटेने निघाली. त्यांनी मूर्ती उचलली आणि पुजाऱ्याला विचारलं, एका घरचा पुजारी असणं बरं, की अख्ख्या वंशाचा? त्याला बढती आवडली. तो मूर्तीसकट त्यांच्याबरोबर निघून गेला.

या पुजाऱ्याचं नाव गोष्टीच्या शेवटी कळतं: योनाथान, गेर्षोमाचा मुलगा, आणि गेर्षोम कुणाचा? मूळ पाठात बहुधा 'मोशेचा' होतं. मोशेच्याच वंशजाने मूर्तिपूजेची नोकरी करावी, हे नक्कल करणाऱ्यांच्या पचनी पडलं नाही. इब्रीत मोशे आणि मनश्शे या नावांत फक्त एका 'न'चा फरक. त्यांनी तो 'न' घातला, पण ओळीत न घालता ओळीच्या जरा वर लटकवून ठेवला. पाठ बदलला आणि बदलल्याची खूणही ठेवली. हस्तलिखितांत आणि छापील इब्री प्रतींत तो 'न' आजही तसाच वर टांगलेला असतो.

इतिहासकारांचं म्हणणं

एका बापापासून एक वंश, ही मांडणी इतिहासकार जशीच्या तशी घेत नाहीत. त्यांना दिसतं ते असं. इसवी सनापूर्वी १२०८च्या सुमारास मिसरचा राजा मर्नेप्ताह याच्या शिलालेखात 'इस्रायल' हे नाव लोकसमूह म्हणून येतं. वंशांचा उल्लेख तिथे नाही. बायबलमधल्या सगळ्यात जुन्या काव्यांपैकी एक मानलं जातं ते दबोराचं गीत. त्यात लढाईला कोण आलं, कोण नाही याची वंशवार उजळणी आहे आणि लेवीचं नावच नाही. तेव्हा काहींच्या मते लेवी हा मुळात वंश नव्हताच, तो पूजाविधी जाणणाऱ्या लोकांचा वर्ग होता. त्या कामात शिरलेल्यांना पुढे एक पूर्वज जोडून दिला गेला. मोशे, फिनहास, हफनी, मरारी अशी मिसरी वळणाची नावं लेवींमध्येच दाटीने दिसतात. त्यावरून मिसरमधून बाहेर पडलेला गट मुख्यतः लेवींचाच असावा, असाही एक कयास आहे. कयासच तो. पण नावांचा पुरावा दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

कोहेन आणि साधे लेवी यांच्यातल्या दरीचा इतिहास मात्र बराच स्पष्ट दिसतो. इसवी सनापूर्वी ६२२ मध्ये यहूदाचा राजा योशीया याने गावोगावची पूजास्थानं मोडून सगळी पूजा जेरुसलेमच्या एका देवळात आणली. गावचे पुजारी रातोरात बेकार झाले. 'अनुवाद' म्हणतं, कुठल्याही गावचा लेवी जेरुसलेमला आला तर त्याला तिथे सेवेचा समान हक्क आहे. योशीयाच्या राजवटीची नोंद म्हणते, बाहेरच्या पुजाऱ्यांना वेदीवर चढू दिलं नाही, भाकरीचा वाटा तेवढा मिळाला. जेरुसलेमच्या याजकपदाची गादी सादोक या जुन्या याजकाच्या घराण्याकडे होती आणि तिने ती सोडली नाही. एकोणिसाव्या शतकात जर्मन अभ्यासक यूलियुस वेलहाउझेन याने याच नोंदींवरून मांडलं की कोहेन-लेवी ही उतरंड वाळवंटातली नसून या काळातली आहे. त्याच्या बऱ्याच गोष्टी आज कुणी मानत नाही, पण ही चर्चा अजून त्याच्याच पायावर उभी आहे.

इसवी सनापूर्वी ५८६ मध्ये बाबेलच्या (बॅबिलोनच्या) सैन्याने देऊळ जाळलं, लोकांना नेलं. सुमारे पन्नास वर्षांनी परतायची मुभा मिळाली तेव्हाची यादी एज्राच्या पुस्तकात आहे. परतलेले कोहेन ४,२८९. परतलेले लेवी ७४. दुय्यम काम करायला कोण परतणार? पुढे एज्रा हा याजक स्वतः माणसं घेऊन निघाला, नदीकाठी तीन दिवस मुक्काम केला आणि पाहतो तर ताफ्यात एकही लेवी नाही. निरोप धाडून कसेबसे ३८ गोळा केले. परतलेल्यांच्या त्या पहिल्या यादीत काही कोहेन घराणीही अडकलेली दिसतात: वंशावळीत नाव सापडेना, म्हणून त्यांना पूजेतून बाजूला काढलं. कागद मागायची पद्धत इतकी जुनी आहे.

गाणारे आणि पहारेकरी

परतल्यावर जेरुसलेममध्ये पुन्हा बांधलेल्या दुसऱ्या देवळाच्या काळात लेवींचं काम म्हणजे गाणं आणि पहारा. कोहेनांच्या चोवीस पाळ्या होत्या, गायकांच्याही चोवीस. रोजच्या यज्ञाबरोबर त्या त्या वाराचं स्तोत्र लेवी गात: रविवारी २४वं, सोमवारी ४८वं, असं करत शब्बाथला, म्हणजे शनिवारी, ९२वं. देऊळ जाऊन एकोणीसशे वर्षांहून जास्त काळ लोटला, पण सकाळच्या प्रार्थनेत ही वारांची स्तोत्रं ज्यू माणूस आजही याच क्रमाने म्हणतो. 'आज अमुक वार, या दिवशी लेवी देवळात हे म्हणत' अशी प्रस्तावना करून.

पहाऱ्याचं वर्णन मिश्ना या प्राचीन ज्यू नियमग्रंथात आहे. रात्री तीन ठिकाणी कोहेन, एकवीस ठिकाणी लेवी. पहाऱ्याचा मुख्य मशाली घेऊन फेरी मारायचा. उभं राहून जो सलाम करणार नाही तो झोपलेला, हे उघड. मग काठीचा फटका, आणि त्याचे कपडे जाळायचीही मुभा. अंगणात आरडाओरडा झाला की लोक म्हणत, 'कसला आवाज? काही नाही, लेवीला मार पडतोय, पहाऱ्यावर झोपला होता.' रब्बी एलिएझेर बेन याकोब यांनी तर सांगून टाकलंय की एकदा माझ्या सख्ख्या मामाचेच कपडे जाळले होते. हजारो पानांच्या धर्मचर्चेत असा मामा भेटला की बरं वाटतं.

कोरहची तक्रार शेवटपर्यंत धुमसत राहिली. देऊळ पडायच्या काही वर्षं आधी लेवी गायकांनी राजा अग्रिप्पाकडे अर्ज केला: आम्हालाही कोहेनांसारखी तागाची शुभ्र वस्त्रं घालू द्या. राजाने परवानगी दिली. ही हकिगत लिहिणारा इतिहासकार जोसेफस स्वतः कोहेन. पूर्वजांचा नियम मोडला, याची शिक्षा होणारच होती, असं तो फणकाऱ्याने नोंदवतो. इसवी सन ७० मध्ये रोमन सैन्याने देऊळ उद्ध्वस्त केलं. वेदी गेली तसा वस्त्रांचा वादही संपला.

काय उरलं

देवळाविना पुजारी काय करणार? धर्माची सूत्रं रब्बींच्या हाती गेली, आणि इथे बऱ्याच जणांचा घोटाळा होतो. रब्बी म्हणजे पुजारी नव्हे. रब्बी शिकून होता येतं, कुणालाही. कोहेन किंवा लेवी जन्मानेच असावं लागतं. ज्यू असणं परंपरेने आईकडून ठरतं, वंश मात्र बापाकडून.

सिनेगॉगमध्ये (ज्यूंच्या प्रार्थनास्थळात) तोरा, म्हणजे बायबलची पहिली पाच पुस्तकं, वाचायला पहिला मान कोहेनाचा, दुसरा लेवीचा, त्यानंतर इतरांचा, ज्यांना सरसकट 'इस्राएल' म्हणतात. कोहेन लोकांना आशीर्वाद देण्याआधी लेवी त्यांच्या हातांवर पाणी घालतात. त्यामुळे जुन्या ज्यू दफनभूमीत फिरताना थडग्यावर कोरलेली झारी दिसली की खाली लेवी आहे असं समजावं. आशीर्वादासाठी पसरलेले दोन पंजे दिसले की कोहेन. तो आशीर्वाद किती जुना? १९७९ मध्ये पुरातत्त्वज्ञ गाब्रिएल बार्काय यांना जेरुसलेममध्ये केतेफ हिन्नोम इथल्या दफनगुहेत चांदीच्या दोन इवल्याशा गुंडाळ्या सापडल्या. त्या न मोडता उलगडायलाच काही वर्षं गेली. आत हाच आशीर्वाद खरडलेला निघाला, पहिलं देऊळ उभं असतानाच्या शेवटच्या काळातला. बायबलमधल्या मजकुराचा सापडलेला हा सगळ्यात जुना नमुना.

पाच शेकेलचा तो हिशोबही चालू आहे. आईचं पहिलं अपत्य मुलगा असेल, तर तो महिन्याचा झाल्यावर बाप कोहेनापुढे चांदीची पाच नाणी ठेवतो, साधारण शंभर ग्रॅम चांदी. कोहेन गंभीरपणे विचारतो, तुला काय हवं, मुलगा की पैसे? बापाचं उत्तर ठरलेलं असतं. आईवडिलांपैकी कुणीही कोहेन किंवा लेवी घरातलं असेल तर हा विधी करावा लागत नाही. त्यांची बदली वाळवंटातच झाली.

कोहेनांवर जादा बंधनंही आहेत. घटस्फोटितेशी लग्न नाही, जवळचे नातेवाईक सोडून कुणाच्या प्रेताजवळ जायचं नाही, म्हणून दफनभूमीत पाऊल नाही. इस्रायलमध्ये ज्यूंची लग्नं धार्मिक न्यायालयांमार्फतच लागतात, त्यामुळे कोहेन आणि घटस्फोटिता यांच्या प्रेमात हा नियम आजही खरोखर आडवा येतो. (जाता जाता: जीन्सवरचं 'लेवाइस' हे नाव लेव्ही स्ट्रॉस याच्या पहिल्या नावावरून आलं, आडनावावरून नव्हे. त्यावरून वंश काढू नये.)

बापाकडून मुलाकडे जाणारी गोष्ट म्हटल्यावर जनुकशास्त्रज्ञ वाय गुणसूत्र घेऊन हजर झाले. १९९७-९८च्या अभ्यासांत स्वतःला कोहेन म्हणवणाऱ्यांपैकी निम्म्याच्या आसपास पुरुषांत एकाच ठेवणीचं वाय गुणसूत्र आढळलं, युरोपातून आलेले असोत की अरबी मुलखातून. दक्षिण आफ्रिका व झिंबाब्वेमधल्या लेंबा जमातीच्या बूबा या पुरोहित घराण्यातही तीच ठेवण पुढे दिसली. साध्या लेवींचं चित्र वेगळं निघालं: पूर्व युरोपीय लेवींमध्ये निम्म्याहून अधिक जण एका वेगळ्याच शाखेचे. म्हणजे कोहेन आणि लेवी एका पणजोबाची पोरं, असं जनुकं म्हणत नाहीत. कोणत्याही चाचणीत 'हा लेवी' असा शिक्का मिळत नाही, आणि रब्बी तसा मागतही नाहीत.

शखेमचं पुढे काय झालं, हेही सांगायला हवं. ते गाव आजच्या नाब्लुसजवळ आणि त्याच्या डोक्यावर गरिज्जीम डोंगर. तिथे शोमरोनी, म्हणजे स्वतःला प्राचीन इस्रायलींचे वारस म्हणवणारे लोक राहतात, जेमतेम आठ-नऊशे जण, काही तिथे आणि काही तेल अवीवजवळच्या होलोनमध्ये. त्यांची तोरा वेगळी आणि देवळाची जागा जेरुसलेम नसून गरिज्जीम. वल्हांडणाला (मिसरमधून सुटकेच्या सणाला) ते डोंगरावर मेंढरांचा बळी देतात, आणि त्यांना मुख्य याजकही आहे. मुख्य याजकांचं त्यांचं जुनं घराणं १६२४ मध्ये मुलगा नसल्याने खुंटलं, तेव्हापासून हे पद दुसऱ्या लेवी घराण्याकडे आहे. ज्या गावात लेवीने शाप ओढवून घेतला, तिथेच त्याचा एक वारस आजही याजक आहे.

आपल्या कोकणातले मराठी बोलणारे ज्यू, म्हणजे बेने इस्रायल, या नकाशात कुठे बसतात? नवगावच्या किनाऱ्याशी गलबत फुटलं आणि सात पुरुष, सात बायका वाचल्या, ही त्यांची परंपरा. शब्बाथ, सुंता, 'शमा'ची (देव एकच, असं सांगणारी) प्रार्थना त्यांनी जपली. शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून शनवार तेली हे नाव मिळालं. कोहेन किंवा लेवी घराणी मात्र त्यांच्यात परंपरेने नाहीत असंच मानलं जातं. धर्मविधी चालवायला काजी असत आणि ते पद काही घराण्यांत वंशपरंपरेने चाले: झिराडकर, राजपूरकर, शापूरकर. आडनावं बघा. पेणकर, दिवेकर, किहीमकर, अष्टमकर यांच्यासारखीच गावाची. लेवींच्या बहुतेक आडनावांत काम टिकलं, गाव नाही. इथे गाव टिकलं आणि वंशाचं नाव विरून गेलं. त्यामुळे इस्रायलमधल्या दिमोना किंवा अशदोदच्या सिनेगॉगमध्ये तोरा वाचायला नावं पुकारली जातात तेव्हा पेणकर आणि दिवेकर यांची पाळी कोहेन-लेवींनंतर, 'इस्राएल' म्हणून येते. कोहेन कुणीच हजर नसेल, तर नियमाप्रमाणे त्याच्या जागी त्यांच्यातलाही कुणी पहिला उभा राहू शकतो.